ओळ संपली की पाय बदलायचा

मंगळवार, ३ तारीख, सकाळ

प्रिय सरदार,

या हाकेनं तुला राग येईल. पण दुसरी कुठली हाक लिहून बघितली तर ती परक्या माणसाला मारल्यासारखी वाटली. तीन कागद फाडले आणि शेवटी हीच ठेवली. सहा वर्षांची असताना तट्टावर बसून अख्ख्या पागेला हुकूम सोडायचीस, तेव्हापासून तू सरदार.

नऊ वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. फोन केले, ते तू घेतले नाहीस, मग माझा नंबरच तुझ्याकडे लागेनासा झाला. तक्रार नाही. आज लिहितोय ते कामाचं आहे म्हणून.

आपला घोडेस्वारीचा क्लब बंद झाला हे तुला कळलं असेलच. समितीनं जनावरं वाटून टाकली. कोण कुठे जाणार ते ठरवताना मला विचारलं नाही. निवृत्त मास्तरला कोण विचारतो? काल आपला नालबंद आला होता. सत्तरीला टेकला, तरी अजून घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसतो. चहा पिता पिता म्हणाला, "मास्तर, तुमची पाटी लेकीकडं गेली की."

मी म्हटलं, "कुठली पाटी?"

"कपाळावर खडूची रेघ असलेली काळी घोडी. आणखी किती पाट्या ठेवल्या होत्या तुम्ही? आणि छोट्या बाई बसतात तिच्यावर. झकास बसतात."

छोट्या बाई म्हणजे तुझी लेक. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडत बसायची. आता अकरा म्हणे. उंचीला तुझ्यासारखी.

काल दुपारपासून माझं कशात लक्ष नाही. तेव्हा हे ऐक. पाटी आता सोळा वर्षांची आहे. मागचा डावा खूर पातळ आहे, नालबंदाला माहीत आहे. डाव्या कानाला हात लावू देत नाही. आणि कँटरमध्ये, त्या तीन ठोक्यांच्या पळीत, तिला डाव्या वळणावर घालू नका. घालायचंच झालं तर आधी वेग कमी करून दुडकीवर आणा, तिथं पाय बदला, मग पुन्हा कँटर. सरळ कँटरमधून पाय बदलायला लावू नका. मुलीला तर मुळीच नको.

तुला हे सांगायची गरज नाही. वेगात उजव्या वळणाला उजवा पाय पुढे पडला पाहिजे, डाव्याला डावा, आणि चुकीचा पाय पुढे घेऊन वळलं तर घोडं स्वतःच्याच पायांत अडकतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी लिहितोय. फळ्यावर पहिल्यापासून लिहायची सवय.

का, ते विचारू नकोस. वय झालंय तिचं.

एक विचारतो. मुलगी घोडीवर बसल्यावर काही पुटपुटते का? उगाच विचारतोय. पण उत्तर दे.

तुझे बाबा


सोमवार, ९ तारीख, दुपार

प्रिय सरदार,

पत्र परत आलं. पाकीट न उघडता. वर तुझ्या अक्षरात 'परत'. र ची शेपूट तू अजून लांब ओढतेस.

म्हणून हे पोस्टानं पाठवत नाही. नालबंद गुरुवारी तुझ्याकडे येणार आहे, त्याच्या हाती देतो. तो सकाळी माझ्याकडे होता, त्यानं सांगितलं ते ऐकून लगेच लिहायला बसलो.

मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगी पाय कसे बदलते?"

"एक नंबर. प्रत्येक कोपऱ्यात. फक्त तोंड चालू असतं तिचं. काहीतरी गाणं म्हणते आणि घोडी टपकन पाय बदलते. बाई कठड्यापासून ओरडतात, तोंड मिट आणि टाच वापर. बावीसला परीक्षा आहे ना, तिथं आवाज काढला तर गुण जातात. पोरीनं कबूल केलंय, त्या दिवशी अवाक्षर काढणार नाही म्हणून."

मी विचारलं, "काय गाणं?"

तो आठवून म्हणाला, "जरा डावरी हो, असं काहीतरी."

मी त्याला बसवून ठेवलं आणि आत जाऊन पाणी प्यायलो. परत आलो तर तो म्हणाला, "मास्तर, बरं वाटत नाही का? तोंड पांढरं पडलंय."

सरदार, त्या मुलीला परीक्षेत गप्प बसू देऊ नकोस. किंवा परीक्षेलाच पाठवू नकोस. घोडीला टाच कळत नाही.

आता हे नीट सांगायला हवं. मला नीट सांगता येत नाही, मी लांबून सुरुवात करतो. तुला माझी लांबण माहीत आहे.

आम्हाला शाळेत मराठीचे मास्तर वृत्तं शिकवायचे. दुपारचा तास, कौलातून ऊन खाली यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि चाळीस पोरं एका सुरात यमाता यमाता यमाता यमाता म्हणायची. एक लहान, दोन मोठी. चार वेळा म्हटलं की भुजंगप्रयाताची ओळ पुरी. मास्तर डस्टर बाकावर आपटून ताल धरायचे. मला गणित येत नव्हतं, भूगोल येत नव्हता, पण त्या तासाला मी राजा होतो. पुढे पहिल्यांदा घोडं कँटरमध्ये ऐकलं, तीन ठोके आणि मग चारही पाय हवेत असतात तो रिकामा क्षण, तेव्हा मला वाटलं, हा तर आपला वर्ग म्हणतोय.

पाटीनं मला पाडलं आणि गुडघा गेला, ते तुला आठवत असेल. मग तिच्यावर बसून टाचेनं शिकवणं मला जमेना. मी रिंगणाच्या मध्ये उभा राहून लांब दोरावर तिला फिरवायचो आणि तोंडानं ताल द्यायचो. ओळ मीच केली होती. जरा डावरी हो, जरा ऊजवी हो. वृत्तासाठी उजवीचा उ लांबवावा लागला, त्याचा मला आठ दिवस सल होता. ओळ संपली की दोराला हलकी ओढ द्यायची, त्या रिकाम्या क्षणात पाय बदलायचा. सोळाव्या दिवशी मी दोर हलवलाच नाही. नुसती ओळ म्हटली. ओळ संपली आणि तिनं हवेतल्या हवेत पाय बदलला. असं काही सुंदर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिथंच वाळूत बसलो.

तिथून पुढे काय करायचं ते मी शेकडो लोकांना शिकवलंय. आधी टाच लावायची, लगेच मागून आवाज. रोज आवाज थोडा कमी. शेवटी आवाज जातो, टाच राहते. महिन्याभराचं काम. मी ते केलं नाही. उद्या करू, पुढच्या आठवड्यात करू. खरं सांगायचं तर मला करायचं नव्हतं. एक जनावर माझी कविता ऐकत होतं.

मग तू तिच्यावर बसायला लागलीस. तुला मी बरोबर ओळीच्या शेवटी टाच लावायला शिकवलं. टाच लागायची, पाय बदलायचा. तुला वाटायचं टाचेनं बदलतोय. मी कठड्याशी पुटपुटत असायचो, पण मी कायमच पुटपुटायचो. तू म्हणायचीस, "बाबांच्या तोंडात कविता आणि पान यातलं एक कायम असतं."

स्पर्धेच्या दिवशीही मी त्या कोपऱ्यात कठड्याशी होतो. शेवटचं डावं वळण. ऐन वेळी मला खोकला आला. धूळ होती. ओळ म्हणता आली नाही. घोडी आवाजाची वाट बघत राहिली आणि उजवाच पाय पुढे घेऊन वळणात शिरली. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुझी टाच वेळेवर होती. दवाखान्यात तू मला तीनदा विचारलंस, आणि मी तीनदा नाही म्हटलं. ती वेळेवर होती.

समितीला मी लेखी जबाब दिला, तो तू वाचलास. 'स्वाराची टाच उशिरा लागली. घोडीत दोष नाही. शिक्षणात दोष नाही.' तिसरं वाक्य कोणी मागितलंही नव्हतं.

तुझ्या लेकीला ही ओळ कुठून मिळाली असेल, याचा सकाळपासून विचार करतोय. तिची वेणी घालताना तूच पुटपुटत असशील. तुझ्याही लक्षात नसेल. आणि पोरीनं घोडीवर बसून म्हटली तर घोडी ऐकते, हे तिला आपोआप सापडलं. पोर हुशार आहे. म्हणून मला जास्त भीती वाटते. बावीसला ती शहाण्यासारखी तोंड मिटून टाच लावेल, आणि वळण समोर येईल.

नालबंदाला म्हटलं, तूच तोंडी सांग ना. तो म्हणाला, "मी सांगितलं तर बाई म्हणतील, बापानं नवा बहाणा पाठवला. तुम्ही जबाब लिहून दिला होता ना? मग हेही लिहून द्या. खाली सही करा."

सही करतोय. पूर्ण नावाची, जबाबावर होती तशी.


शुक्रवार, १३ तारीख, सकाळ

सरदार,

नालबंद तुझी चिठ्ठी घेऊन आला. नऊ वर्षांनी तुझं अक्षर माझ्यासाठी, आणि ते वहीच्या पाठकोऱ्या पानावर, दोन ओळी. 'तुम्हाला खोकला आलेला मी ऐकला नाही. मी त्या कोपऱ्यात तुमच्यापासून दहा हातांवर होते.'

मी चिठ्ठी उशीखाली ठेवली, मग कपाटात ठेवली, मग खिशात घातली. कुठेही ठेवली तरी ती बोलते.

तुझ्या आईलाही मी खोकलाच सांगितला होता. ती समोरच्या बाजूला बसली होती, तिथून तिला मी दिसत होतो. दवाखान्यातून घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "तुमचे ओठ मधेच थांबले." मी म्हटलं, खोकला आला. पुढची पाच वर्षं मी खोकलो की ती माझ्याकडे बघायची. गेली तोपर्यंत.

खोकला नव्हता.

पंचांपैकी एकजण, तो उंच, गळ्यात शिट्टी असलेला, चालत चालत माझ्याजवळ येऊन थांबला. मी ओळ सुरू केली होती. जरा डावरी हो, इतकं म्हणून झालं होतं. त्यानं मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. कठड्याबाहेरून आवाजानं मदत केली तर स्वार बाद. तू बाद झाली असतीस, एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा उतरली असतीस. पण सगळ्यांना कळलं असतं की मास्तरांची नावाजलेली घोडी टाचेवर नाही, ओठांवर चालते. मास्तरांनी अर्धंच शिकवलं आणि पुरं झालं म्हणून समितीसमोर उभं केलं.

मी तोंड मिटलं.

त्यानंतर निम्मी ओळ उरली होती. यमाता यमाता. तेवढा वेळ होता माझ्याकडे. म्हणजे दोन उड्या. तेवढ्यात मला सगळं कळत होतं. तू टाच लावलेली दिसली, घोडीचा कान माझ्याकडे वळलेला दिसला. ती विचारत होती. मला वाटलं, या वेळी टाचेनं बदलेल, असं मी लिहिणार होतो. तसं मला वाटलं नव्हतं. ती बदलणार नाही हे मला माहीत होतं आणि मी त्या माणसाच्या शिट्टीकडे बघत राहिलो.

नंतर आवाज आला, तो मी अजून दुपारी डोळा लागला की ऐकतो. घोडी उठली. तू उठली नाहीस.

स्ट्रेचरवर तुला ठेवत होते तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, टाच उशिरा लागली. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल बाबा चिडलेत. मी चिडलो नव्हतो. मी घाबरलो होतो, कोणीतरी दुसरंच काही म्हणेल म्हणून. आधी बोललेलं राहतं, एवढं मला समजत होतं.

हे असं आहे. याहून खाली आता काही नाही, मी शोधून पाहिलं.

जबाबाची नवी प्रत लिहून सोबत जोडली आहे. चिटणीस अजून हयात आहेत, त्यांना एक पाठवली. क्लब बंद झाला म्हणून काय झालं, कागद ठेवतातच ते लोक.

पण आज तेरा. बावीसला नऊ दिवस. नऊ दिवसांत टाच शिकवून होत नाही, घाईनं तर मुळीच नाही. माझ्यावर राग आहे म्हणून माझं खोटं ठरवू नकोस, एवढीच भीक. मला जे म्हणायचं ते म्हण, मुलीला दुडकीतून पाय बदलायला लाव. गुण जाऊ देत.

बाबा


गुरुवार, १९ तारीख, सकाळी दहा

सरदार,

नालबंदानं आत्ता सगळं सांगितलं. तो गेला आणि मी दाराला कडी घालून बसलोय, कोणी येऊन आणखी काही सांगू नये म्हणून.

तू तिच्यावर बसलीस.

नऊ वर्षं बसली नव्हतीस. मांडीत लोखंडी पट्टी आहे तुझ्या. मी लिहिलं होतं, सही केली होती, तरी तुला बसून बघावंसं वाटलं. वाटणारच. माझ्या सहीनं तुझं काय झालं ते तू बघितलंयस.

तो सांगत होता आणि मी त्याला मधे मधे थांबवत होतो.

"बाईंनी पोरीला खाली उतरवलं, रिकिबी लांब केल्या आणि चढल्या. मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाल्या, तुम्ही नाल बघा."

"कुठल्या वळणाला?"

"डाव्या."

"वेगात?"

"मास्तर, कँटर म्हणजे कँटरच. रिंगणाच्या त्या कोपऱ्यातून आडवं या कोपऱ्याकडं. तोंड गच्च मिटलेलं. टाच लावली, मला दिसली. घोडी तशीच. उजवाच पाय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, कोपऱ्याच्या आधी ओढून दुडकीवर आणली. पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. असं तीनदा. छोट्या बाई कठड्यावर बसून नखं खात होत्या. चौथ्यांदा निघाल्या आणि या खेपेला काहीतरी म्हणाल्या, मोठ्यानं नाही. घोडीनं असा पाय बदलला, मास्तर, लोणी कापल्यासारखा. मग उतरल्या आणि तिच्या मानेला कपाळ लावून उभ्या राहिल्या."

"रडत होती का?"

"मी घोड्यांचे पाय बघतो. माणसांची तोंडं बघायचं काम तुमचं."

चौथ्या खेपेची भीती मला सर्वांत जास्त वाटली. पहिल्या तीन वेळा तू आधीच थांबणार होतीस. चौथ्यांदा तू कोपऱ्यापर्यंत गेलीस, माझी ओळ तोंडात घेऊन. ती घोडीनं ऐकली नसती तर? तुझ्या आवाजात ती ओळ तिच्या कानावर कधी पडली नव्हती. तुला कसा धीर झाला?

तुझी दुसरी चिठ्ठी वाचली. 'रविवारी ती दुडकीतून बदलेल. तुम्ही येऊ नका. सोमवारी या. घोडी तुमच्या आवाजावर शिकली, तो काढायला तुम्हीच लागाल. पागेला लागून खोली आहे. माफीचं मला विचारू नका.'

नाही विचारणार.

सोमवारी येतो. येताना काय आणू विचारणार होतो, पण तू लिहिलंच आहेस, आवाज.


शनिवार, ११ तारीख, दुपारी चार

सरदार,

तू इथून पन्नास पावलांवर आहेस आणि मी पत्र लिहितोय. नियम तुझाच. पहिल्या दिवशी खोलीची किल्ली हातात देताना म्हणालीस, "घोडीबद्दल असेल तर बोला. बाकीचं लिहून द्या. वाचायचं की नाही ते मी बघेन." एकोणीस दिवस मी फक्त घोडीबद्दल बोललोय. माझ्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

तुझी लेक मात्र नियम पाळत नाही. परीक्षेत अकरा जणांत नववी आली, याचं तिला तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त खापर फोडायचंय. "आजोबा, दहावा पडला आणि अकरावा आलाच नव्हता. म्हणजे मी शेवटची. तुम्ही घोडीला कविता कशाला शिकवली? पाढे शिकवायचे." मी म्हटलं, पाढे मला येत नाहीत. ती म्हणाली, "ते दिसतंच."

पडला तो कुठल्या कोपऱ्यात पडला, हे मी तिला विचारलं नाही.

आजचं लिहून ठेवायचंय. उद्या मला ते वेगळं आठवेल.

पहिला आठवडा आपण टाच आधी, आवाज मागून, असं केलं. माझा घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात मी शेवटचे दोन शब्द गिळायला लागलो, मग निम्मी ओळ, मग नुसता श्वास. चार दिवसांपूर्वी मी आवाज पूर्ण थांबवला तरी ती बदलत होती. पोरीनं टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, झालं. तू कठड्यावर हात ठेवून बराच वेळ बघत होतीस आणि मग म्हणालीस, "ती तुमच्या तोंडाकडे बघतेय." मी हात लावून बघितला. माझे ओठ हलत होते. मला कळतही नव्हतं.

आज सकाळी म्हणालीस, "चाऱ्याच्या कोठीमागे जाऊन बसा. तिथून तुम्ही तिला दिसणार नाही आणि ती तुम्हाला दिसणार नाही."

मी म्हटलं, "आणि मुलगी बसणार?"

"तिलाच बसायचंय. मी नाही बसणार रोज, पट्टी दुखते."

"दुडकीवर ओढून घे म्हणावं, जरा जरी शंका आली तर."

"बाबा, जा."

बाबा म्हणालीस. तुला कळलं की नाही माहीत नाही. मी लगेच निघालो, तू परत घेशील म्हणून.

कोठीमागे पोत्यावर बसलो. समोर पत्र्याची भिंत, त्यावर पालीची सावली. काही दिसत नाही. ऐकू येतं फक्त. आधी तू काहीतरी सांगितलंस, पोर हसली. मग दुडकी. मग कँटर. एक लहान, दोन मोठी आणि रिकामा क्षण. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आवाज निघेल याची भीती होती आणि निघणार नाही याचीही होती. तू वळण उजवं ठेवलं होतंस हे मला माहीत होतं, सोपं वळण, तरी मला कोपरा डावाच दिसत होता. शिट्टीवाला माझ्या शेजारी उभा होता. खरंच उभा होता, सरदार, मला त्याच्या कपड्यांचा वास आला. माझ्या डोक्यात ओळ आपोआप सुरू झाली, मी ती थांबवायचा प्रयत्न केला, थांबली नाही, आणि मला वाटलं, घोडीला हेही ऐकू गेलं तर?

ओळ संपली. खुरांचा ठोका किंचित चुकल्यासारखा झाला. नीट न ऐकणाऱ्याला कळणारही नाही इतका. मग पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि वळणातून सरळ बाहेर. पाय बदलला होता. टाचेवर. माझ्याशिवाय.

मी हात तोंडावरून काढले तर बोटांवर दातांचे वळ होते.

कोणी सांगायला आलं नाही. तुम्ही तिला आणखी चारदा घेतलंत, चारही वेळा मी ऐकलं. मग खोगीर उतरवल्याचा आवाज आला, बादलीचा आला, पाण्याचा आला. मी बसून होतो. ऊन पोत्यावरून भिंतीवर गेलं. शेवटी पोरगी आली, तोंडात सफरचंद, अर्धं तिचं, अर्धं पाटीचं.

"आजोबा, तुम्ही अजून इथंच? आई म्हणते, उद्यापासून डावं वळण. त्या बाजूचं तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. तुमचा आवाज परत लागणार."

मी विचारलं, "डाव्या वळणाला कोण बसणार?"

"आई. पहिले आठ दिवस तरी. मला म्हणाली, तू कठड्यावर बस. आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय, त्याच कोपऱ्यात उभे राहा, नेहमी राहायचात तिथं. अगदी मोठ्यानं म्हणा, म्हणाली. सगळी ओळ."

मला भीती वाटतेय. हे तुला सांगायला हवं, कारण उद्या मी कठड्याशी उभा असेन तेव्हा माझा चेहरा बघून तुला वाटेल मी तयार नाही. मी तयार नाहीच. तू तिच्यावर असशील आणि तो कोपरा असेल. पण मी म्हणेन. कोणीही येऊन शेजारी उभं राहिलं तरी म्हणेन.

सकाळी नऊला येतो. हे घोडीबद्दलचं आहे की बाकीचं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून लिहून दाराखालून सरकवतोय.

बाबा